बंद पडलेलं व्ही-६ आउटबोर्ड: सेल्फ मारू का?

प्रश्न: रेसिंग बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं सहा सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन हाती आलंय, बरीच वर्षं पडून होतं. फ्लायव्हील (इंजिनवरचं जड चाक) हाताने जेमतेम हलतंय. बॅटरी लावून बघू?

उत्तर: सेल्फला हात लावू नका! प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या. मग हाताने फिरवा, तेही सरळ दिशेनेच. उलटं फिरवलं तर इंपेलरची (थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती दुमडतात. (तो बदलायचाच आहे म्हणा.)

दुसरं उत्तर: कार्ब्युरेटर उघडलेत? जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) जुन्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर बसतो. एक जेट अर्धवट तुंबला, तरी तो सिलिंडर लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर) चालतो आणि पिस्टनला भोक पडतं. बाकी सगळं नंतर.

प्रश्नकर्ता: ऑइल सोडलंय. टाइमिंग (ठिणगी पडायची वेळ) कधी बघू?

उत्तर: आधी सगळे थ्रॉटल (कार्ब्युरेटरच्या हवेच्या झडपा) एकाच वेळी उघडतायत का ते जुळवा, मग टाइमिंग. आणि थंड ठेवणारं पाणी जोडल्याशिवाय क्षणभरही चालवू नका.