विषय: बेळगावात बसून इंग्लंडातली नोकरी, जमेल काय?

मंडळी नमस्कार,
संक्रांतीच्या कार्यक्रमात बोलणं अर्धं राहिलं तेच परत काढतोय. ऑफिसनं सांगितलंय वर्षातले काही महिने कुठूनही काम करा. आमचं गाव खानापूर तालुक्यात, पावसाळ्यात रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर मिळते, म्हणून बेळगावात फ्लॅट बघावा म्हणतोय. यूट्यूबवर सगळे म्हणतात स्वस्त, हवा छान, ट्रॅफिक नाही. जे परत गेलेत त्यांनी खरं काय ते सांगा.
– लीड्सवाला

---

अरे बाबा, ट्रॅफिक नाही म्हणणारा माणूस संध्याकाळी टिळकवाडीच्या रेल्वे गेटला कधी अडकलेला दिसत नाही.

स्वस्त आहे, त्यात वाद नाही. मी हिंदवाडीत टू बीएचकेला पंधरा हजार भरतोय, लिफ्ट नाही, मालक खाली राहतात आणि रात्री गेटची कडी वाजली की सकाळी विचारतात. पण भाड्यावरून गाव जोखू नको, जुलैवरून जोख. आपण येतो गणपतीला नाहीतर डिसेंबरात, तेव्हा साडेसातशे मीटर उंचीवरची थंड हवा, कुंदा, मांडे, सगळं झक्कास असतंय. जुलैत ऊन आठ-आठ दिवस दिसत नाही, लॅपटॉपच्या बॅगेला बुरशी येते, पँट इस्त्रीनं वाळवावी लागते.

पहिल्यांदा मी शहापुरात जुनं कौलारू घर घेतलं होतं, मागच्या पडवीवर पत्रा, नऊ हजार भाडं, मी खूश. पहिला जोरदार पाऊस आला आणि कॉलवर मॅनेजरबाई विचारतात, मागं काय तळताय? त्याच आठवड्यात लाईट गेली. घरात इन्व्हर्टर होता ओ, पण राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लायनीवरच नव्हता, हे मला मीटिंग चालू असताना कळलं. तेव्हा घर बघायला जाशील तेव्हा किचन नंतर बघ, आधी मेन स्विच पाडायला सांग आणि कुठला प्लग चालू राहतोय ते बघ. मालक जरा विचित्र बघेल, बघू दे. आणि दोन नेट घे, वेगवेगळ्या कंपन्यांची, रस्ता खणला की फायबर तुटतेच.

वेळेचं मात्र फार छान जमतं. तुमचे नऊ म्हणजे इथं उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. सगळी सकाळ आपली. गणपत गल्लीत भाजी, कॅम्पात चालणं, जेवण, मग लॉग इन. अमेरिकेवाल्यांचं अवघड, त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा बेळगाव जेवायला बसलेलं असतं आणि रात्री दीडला भूक लागली तर घरातला चिवडाच.

डिसेंबरात यायचं असेल तर राहायची सोय आधी कर. कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन इथल्या सुवर्ण विधान सौधात भरतं, लॉजवर खोली मिळत नाही, वरून मोर्चे. सीमाप्रश्न तापला की कोल्हापूरच्या एसट्या कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडंच थांबतात, हे पण धरून चाल. पुण्याला जायला हुबळीची वंदे भारत आहे, २०२४ पासून.

आणि टॅक्स! आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की तू इथला रेसिडेंट. जानेवारी ते जून राहिलास तर दिवस दोन वर्षांत विभागतात, तरी इथं बसून केलेल्या कामाच्या पगाराचं वेगळंच लफडं असतंय, तिकीट काढायच्या आधी सीएला विचार. एचआरला कळवलं की झालं, असं नाही ते.
– परत आलेला

---

दादा, सगळं पटलं पण जुलैचं एवढं कौतुक नको. पावसात निदान पाणी तरी असतं! मी मार्च ते मे राहिले होते. राकसकोप धरणाचं पाणी कमी झालं की नळाला रोज येत नाही, आमच्या अनगोळात टाकी कधी भरणार हे शेजारच्या मावशींना माहीत, मला नाही. मी हेडफोन घालून कॉलवर आणि मावशी खालून ओरडतायत, अगं मोटर लाव की! दोनदा टाकी कोरडी राहिली. शेवटी माझी चावीच त्यांच्याकडं ठेवली.

लीड्सवाले भाऊजी, तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर लाईटबिल, बसची पाटी, सगळं कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागतं. बोलायचं अडत नाही, रिक्षावाला मराठी, कन्नड, हिंदी तिन्हींत भाव सांगतो आणि तिन्हींत तो जास्तच असतो. मीटर विसरा.

मी तर परत जाणार ते घरच्यांसाठी. बाबांना केएलई हॉस्पिटलात दाखवायला पंधरा मिनिटांत पोचते, पुण्यात बहिणीला तेवढ्यासाठी अर्धा दिवस रजा टाकावी लागते. ही बचत भाड्यात धरा.

---

दोघांचेही आभार. म्हणजे एक महिना जुलै आणि एक एप्रिल, असं करून बघतो, मग वर्षाचं ॲग्रीमेंट. मेन स्विचचं लिहून ठेवलंय. ताई, मावशींच्या बिल्डिंगमध्ये काही रिकामं असेल तर कळवा. फक्त आमच्या आईला आत्ता कुणी सांगू नका, ती उद्यापासून फोनवर एकच विचारत बसेल, बेळगावात भाड्यानं राहणार म्हणजे आपलं घर कशाला आहे.
– लीड्सवाला