सीटी कोरोनरी अँजिओ करूनही पुन्हा अँजिओग्राफी का लागते?

जिल्हा_सीटी:
सीटी कोरोनरी अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं औषध) देऊन सीटी स्कॅनने हृदयाच्या धमन्या पाहणं, आमच्याकडे होते. मशीन 128 स्लाइस (एका फेरीत 128 काप), सिंगल ट्यूब (एकच एक्स-रे नळी). बऱ्याच रिपोर्टांत उजवी धमनी ‘नीट दिसत नाही’ असं येतं आणि रुग्णाला कॅथलॅबला (धमनीत नळी घालून अँजिओग्राफी करतात तिथे) पाठवावं लागतं. त्याच्या खिशाला दोनदा कात्री. स्कॅनच्या वेळी ठोके 75 च्या आसपास असतात. मशीन बदलायला हवं का?

टेक्निशियन_दादा:
मशीन नको, तयारी बदला. या मशीनला ठोके 60 च्या आत हवेत, फार तर 65. दमा, हार्ट ब्लॉक, कमी बीपी नाही हे डॉक्टरांनी पाहिलं की ठोके कमी करणारी मेटोप्रोलोल 50 ते 100 मिग्रॅ, तासभर आधी. गोळी गिळली की लगेच टेबलावर, ही घाई सगळं बिघडवते. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन (धमन्या रुंदावणारं औषध) देण्याआधी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्या; दोन्ही मिळून बीपी धोकादायक घसरतं) घेतलंय का, हे रुग्णाला एकट्याला विचारा; घरच्यांसमोर कोणी कबूल करत नाही. उजव्या कोपरात हिरवी, म्हणजे जाड कॅन्युला (शिरेत घालायची सुई-नळी), 60 ते 80 मिली डाय सेकंदाला 5 मिलीने, मागोमाग 40 मिली सलाइन. मनगटावरच्या बारीक, गुलाबी कॅन्युलातून एवढा वेग पेलत नाही, धमन्या फिक्या दिसतात. श्वास रोखायचा सराव करून घ्या आणि ठोके तेव्हाचे मोजा.

हृदय_एमडी:
खर्च वाया जातो तो मुख्यतः रुग्ण निवडताना. डायलिसिसवरचा रुग्ण किंवा 3 मिमीहून बारीक स्टेंट असलेला, यांना सीटीला पाठवूच नका. डाय देण्याआधी कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा) पाहा. 400 च्या वर गेला तर कॅल्शियमच्या चकाकीत धमनीची पोकळी झाकली जाते, तिथेच थांबून विचार करा. खरा उपयोग छातीत दुखणाऱ्या, मध्यम जोखमीच्या रुग्णाला. स्कॉटलंडच्या स्कॉट-हार्ट चाचणीत (4,146 रुग्ण) पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण सीटी गटात 2.3 टक्के, नेहमीच्या उपचारांत 3.9. पाच वर्षांअखेर कॅथलॅबमधल्या अँजिओग्राफी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या. सीटी गटात स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), ॲस्पिरिन जास्त जणांना सुरू झालं. म्हणून धमनी 30 टक्केच अरुंद करणारा प्लाकही (भिंतीवरचा चरबीचा थर) रिपोर्टात स्पष्ट लिहा, ‘ब्लॉक नाही’ एवढ्यावर सोडू नका.

जिल्हा_सीटी:
झालेल्या स्कॅनचं काही करता येईल?

टेक्निशियन_दादा:
कच्चा डेटा मिटवला नसेल आणि एक्स-रे सिस्टोलमध्येही (हृदय आकुंचन पावताना) चालू असेल, तर 75 टक्के फेज (ठोक्याच्या चक्रातला क्षण) सोडून 40 च्या आसपास चित्रं पुन्हा रिकन्स्ट्रक्ट (तयार) करा. जास्त ठोक्यांत उजवी धमनी बऱ्याचदा तिथेच स्थिर सापडते.