हवेतला ऑक्सिजन मोजायचा प्रयोग, लोखंडाचा कीस कुठे मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेकीच्या नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण काढून दाखवायचंय. सर म्हणाले पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून वर ग्लास उपडा ठेवा, पाणी एक पंचमांश चढतं. पण मला ते काही पटत नाही, कारण मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझते, साधारण सोळा टक्के उरलेला असतानाच, आणि पाणी चढतं ते मुख्यतः गरम हवा गार होऊन आकसते म्हणून. चार मेणबत्त्या लावल्या की पाणी आणखी वर जातं, मग काय ऑक्सिजन वाढला का 😄

म्हणून गंजवायची पद्धत करायचीये. लोखंडाचा बारीक कीस व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून, परीक्षानळीच्या तळाशी दाबून बसवायचा, नळी पाण्यात उपडी धरायची आणि एक-दोन दिवस तशीच सोडायची. लोखंड ऑक्सिजन खातं, पाणी वर सरकतं, २१ टक्क्यांच्या आसपास थांबायला पाहिजे.

घोळ असा की भांड्याची तारेची घासणी स्टेनलेसची असते, ती गंजतच नाही. साधं स्टील वूल, म्हणजे हाच लोखंडाचा बारीक कीस, हार्डवेअरवाल्याकडे मिळतं का, की पॉलिशवाल्याला विचारू? लेथवरचा (लोखंड कातायच्या मशीनवरचा) चुरा चालेल का, त्याला तेल असतं ना? आणि व्हिनेगर जास्त राहिलं तर हायड्रोजन सुटून रीडिंग कमी येईल असं वाटतंय, तर नंतर कीस पाण्याने धुवावा का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे.