पेटीत दयाळची पिल्लं निघालीत, दुपारचं ऊन सरळ पेटीवर येतंय, काय करावं?

लिंबोणी_परभणी
नमस्कार मंडळी. मी इथं नुसती वाचायला असते पण आज विचारावंच लागायलंय. आमच्या परसात मागच्या भिंतीला एक लाकडी पेटी आहे, पोरानं शाळेत चिमणी दिनाला केलेली, पुढची फळी अर्धी निघून पडली आणि ती तशीच राहिली. चिमणी काही आली नाही. पण होळी झाली तसा एक काळापांढरा पक्षी रोज पहाटे समोरच्या अँटेनावर बसून इतकं गोड गायला लागला की विचारू नका, आणि मग त्याची जोडीदारीण, ती जरा राखाडी, चोचीत काड्या मुळ्या धरून पेटीत ये-जा करायला लागली. चार अंडी होती, हिरवट निळसर, वर तपकिरी ठिपके. ती खायला गेली की मी खिडकीतून बघून घ्यायची. परवा सकाळी बघते तर तळाला गुलाबी गुलाबी हलायलंय, डोळे मिटलेले, अंगावर पीस नाही, जरा खुट्ट झालं की चारी माना वर आणि चोची उघड्या. दिवसभर कामात लक्षच लागेना.

आता काळजी अशी की भिंत पश्चिमेची. दुपारी दोननंतर ऊन थेट पेटीवर येतं, आणि परभणीत सध्या ४२-४३ चाललंय. आई पेटीच्या तोंडाशी चोच उघडी टाकून धापा टाकत बसते, बघवत नाही. पेटी काढून पूर्वेच्या भिंतीला लावू का? लेकरांना ड्रॉपरनं पाणी पाजू का? सासूबाई म्हणतात माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लं टाकून देते, हे खरंय का? आणि शेवटचं, लिंबाच्या झाडावर अळ्या झाल्यात, घरचे रविवारी फवारणी करायची म्हणायलेत. कृपया लवकर सांगा.

गोदाकाठ
ताई, आधी अभिनंदन, दयाळ पेटीत येणं हे भाग्याचं. तुम्ही सांगितलं त्यावरून दयाळच आहे, तरी एकदा खात्री करा. नराच्या पंखावर लांब पांढरा पट्टा असतो, पोट आणि शेपटीच्या कडाही पांढऱ्या. आपल्याकडं भिंतीच्या भोकात चीरक पण घरटं करतो, पण त्याचा नर जवळपास सगळा काळा, खांद्यावर जराशी पांढरी खूण आणि शेपटीखाली विटकरी रंग.

पेटी हलवू नका. अजिबात नको. आईबाप घरट्याची जागा ओळखून येतात, पेटी दुसऱ्या भिंतीला गेली तर ते जुन्याच जागी घिरट्या घालत बसतील आणि पिल्लं उपाशी राहतील. सावली पेटीकडं न्यायची, पेटी सावलीकडं नाही.

पाणी तर मुळीच पाजू नका. इवल्या पिल्लाच्या चोचीत वरून थेंब सोडला की तो श्वासनळीत जाऊ शकतो आणि पिल्लू गुदमरून मरतं. त्यांना पाणी लागतं ते अळ्या, कोळी, नाकतोडे यांच्या अंगातून मिळतं, आईबाप वेगळं पाणी आणत नाहीत. दूध, पोळी, भात हे पण नको. मोठ्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवा, सावलीत आणि पेटीपासून जरा लांब, कारण पाण्यावर कावळे आणि मांजर पण येतात.

आणि म्हणूनच फवारणी थांबवा हो ताई. लिंबावरच्या त्या अळ्या, लहानपणी पाखराच्या विष्ठेवाणी दिसणाऱ्या आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार, त्या फुलपाखराच्या असतात. दयाळ कीटकांवरच पिल्लं वाढवतो, फवारलेली अळी तोंडात गेली तर सगळंच संपलं. झाड मोठं असेल तर थोडी पानं खाल्ल्यानं काही बिघडत नाही, पेटी रिकामी होईपर्यंत घरच्यांना थांबायला सांगा.

सासूबाईंचं म्हणणं आपल्याकडं सगळीकडंच ऐकायला मिळतं पण तसं नसतं. पक्षी वासावरून पिल्लं टाकत नाहीत. मात्र माणूस सारखा जवळ येतोय, धोका आहे असं वाटलं तर ते घरट्यावर यायचं टाळतात, अंड्यांच्या काळात तर घरटं सोडून पण देतात. म्हणजे हात लावायचा नाही हे बरोबरच, फक्त कारण वेगळंय. शिवाय रानपक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

आता वाढीचं सांगतो. अंड्यावर एकटी मादी बसते, साधारण १२ ते १४ दिवस, पण चारायला नर पण जीव तोडून राबतो. पहिले चारपाच दिवस पिल्लं उघडी, आईची ऊब आणि सावली दोन्ही लागते. मग डोळे उघडतात. आठवडाभरात पंखांवर सुयांसारखे काळे कोंब दिसतील, ते फुटून पिसं होतात. चारा दिल्यावर पिल्लू शेपटीकडचा भाग वर करतं आणि एक पांढरी पिशवी टाकतं, ती त्याची विष्ठा, आईबाप चोचीत धरून लांब नेऊन टाकतात, वासानं साप मुंग्या येऊ नयेत म्हणून. बघायला मिळालं तर सोडू नका. दोन आठवडे झाले की बाहेर.

माळावरचा_सुतार
लातूरहून. मी पेट्या बनवतो म्हणून ऊन-सावलीचं मी सांगतो. शेडनेट आणा, हिरवी, शेतकऱ्याच्या घरी तुकडा मिळून जाईल. पेटीवर गुंडाळायची नाही, गुंडाळली की हवा कोंडते आणि आत भट्टी होते. भिंतीत दोन बांबू अडकवून पेटीच्या पश्चिमेला आणि वर, पेटीपासून हातभर लांब ताणायची. पक्षी ज्या बाजूनं येतात ती बाजू मोकळी सोडा, खालून फडफडणारं टोक ठेवू नका नाहीतर ते बिचकतात.

काम सकाळी उन्हाच्या आधी, दहा मिनिटांत उरका आणि घरात जा. अर्ध्या तासात चारा घेऊन आले तर नेट तशीच ठेवा. नाही आले तर काढा, दुसऱ्या दिवशी आधी नुसते बांबू लावा, नंतर नेट. आता पेटीला हवेसाठी भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका, ड्रिलच्या हादऱ्यानं पिल्लं घाबरतात.

अंबाजोगाईची_मावशी
अगं बाई, माझ्या आईकडं अशाच उन्हात ओलं पोतं टाकायचे घरट्यावर, लै गार राहायचं. आणि मुंग्यांकडं बघ, उन्हाळ्यात लाल मुंग्या लेकरांना जिवंत खातात, मी डोळ्यानं बघितलंय. मुंग्यांचा खडू ओढून टाक भिंतीवर.

माळावरचा_सुतार
मावशी, पोतं टाकायचं तर वेगळ्या बांबूवर टाका, पेटीवर नको. प्लायवूडमध्ये पाणी मुरलं की फळ्या फुगतात, आतलं गवत ओलं होतं आणि पिल्लं दमटीत आजारी पडतात.

गोदाकाठ
मावशी मुंग्यांचं अगदी खरं बोललात, पण खडू नको. त्यात कीटकनाशक असतं, भिंतीवरून मेलेली मुंगी किंवा किडा चोचीत गेला तर परत तोच धोका. त्यापेक्षा पेटी ज्या खिळ्याला किंवा पट्टीला अडकवलीय तिला मागून ग्रीस लावा, पक्ष्याचा पंख लागणार नाही अशा जागी. पेटीला टेकणारी वेल, फांदी असेल तर छाटा, मुंगी आणि खार दोघींचा रस्ता तोच. आणि भारद्वाजावर लक्ष ठेवा. आपल्याकडं त्याचं दर्शन शुभ मानतात, पण तो अंडी पिल्लं खातो. दयाळचा नर एकदम कर्कश चर्र चर्र ओरडायला लागला तर बाहेर येऊन बघा, साप, मांजर, भारद्वाज काहीतरी नक्की असतं. तुम्ही नुसतं अंगणात उभं राहिलात तरी मांजर जातं.

येडशीकर
माझी बहीण अमेरिकेत ओहायोला असते, तिच्या अंगणात ब्लूबर्डची पेटी आहे, व्हिडिओ कॉलवर ती मला रोज दाखवते. निळी पाठ, तांबूस छाती, आणि तो पण दयाळसारखाच कीटक खाणारा. तिथं लोक पेटी भिंतीला लावत नाहीत, मोकळ्या जागेत गुळगुळीत लोखंडी खांबावर लावतात आणि खाली पत्र्याची नळी बसवतात म्हणजे साप, रकून (तिकडचा झाडावर चढणारा प्राणी) चढत नाही. भोक बरोबर दीड इंचाचं. अंडी फिकट निळी, चारपाच. त्यांची पिल्लं पेटीत जास्त राहतात, साधारण १७ ते २० दिवस.

तिच्याकडून कळलेली कामाची गोष्ट म्हणजे १२-१३ दिवसांनंतर ते लोक पेटी अजिबात उघडत नाहीत, कारण पिसं आलेली पिल्लं दचकून बाहेर उडी मारतात आणि उडता तर येत नाही. ताईंची तर अर्धी फळीच उघडीय, म्हणून शेवटच्या दिवसात खिडकीतून पण डोकं काढू नका असं मला वाटतं.

अजून एक, तिथं ब्लूबर्डचा मोठा शत्रू कोण तर आपली घरचिमणी! १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ती युरोपातून नेऊन सोडली, ती पसरली आणि ब्लूबर्डच्या ढोलीत, पेटीत घुसून पिल्लं मारायला लागली. बहीण चिमणीचं घरटं काढून टाकते आणि इथं आपण चिमणी यावी म्हणून पेट्या लावायलोत. ऐकलं तेव्हा मला लै वाईट वाटलं, पण पक्षी ज्या मुलखातला तिथंच तो शोभतो हे पटलं.

लिंबोणी_परभणी
सगळ्यांचे मनापासून आभार. शेडनेट लावली, सुतारदादा म्हणाले तशीच, माझा भाऊ आला होता त्यानं बांबू ठोकले. जोडी आधी अँटेनावर बसून बघत राहिली आणि मग नर चोचीत हिरवी अळी घेऊन सरळ आत गेला! ती अळी आमच्या लिंबाचीच. घरच्यांना बोलावून दाखवलं, फवारणी रद्द. सासूबाई आता मांजराला हाकलायला काठी घेऊन ओट्यावर बसायल्यात. दुपारी आई तोंडाशी धापा टाकत बसायची ते पण कमी झालंय.

एक विचारायचं राहिलं. पोरगा म्हणतो आत छोटा वायफाय कॅमेरा लावू, मित्रांना दाखवायचंय. आणि पिल्लू खाली पडलं तर काय करू?

गोदाकाठ
कॅमेरा आता नको, आत हात घालावा लागेल. पोराला सांगा खिडकीतून मोबाईल स्टँडवर ठेवून व्हिडिओ काढ, फ्लॅश बंद. आणि त्याला एक वही द्या, कोण किती वेळानं आलं, चोचीत काय होतं, हे तास-तास लिहू दे, कॅमेऱ्यापेक्षा त्यात जास्त शिकेल.

पिल्लू पडलं तर आधी पिसं बघा. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर हळूच उचलून परत पेटीत ठेवायचं, हाताच्या वासाची भीती नाही हे वर सांगितलंच. पिसं आलेली, छातीवर तपकिरी ठिपके, आखूड शेपटी आणि टुणटुण उड्या मारायलंय तर ते पडलेलं नाही, बाहेर निघालंय. त्याला धरून टोपलीत, खोक्यात ठेवू नका. उन्हात किंवा मांजराच्या वाटेत असेल तर जवळच्या झुडपात फांदीवर बसवा आणि बाजूला व्हा. आईबाप त्याच्या आवाजावर येतात, पुढं बरेच दिवस बाहेरच चारतात. त्या दिवसात कुत्रं मांजर बांधून.

येडशीकर
आणि पिल्लं गेल्यावर जुनं घरटं काढायचं का तसंच ठेवायचं?

गोदाकाठ
काढायचं, पण चारही गेली आणि दोनतीन दिवस कुणी आत गेलं नाही अशी खात्री झाल्यावरच. हातमोजे घाला, जुन्या घरट्यात पिसवा आणि गोचिड्या राहतात. पेटी साध्या गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवा. लवकर करा, दयाळची जोडी त्याच हंगामात दुसऱ्यांदा पण अंडी घालते. ताई, भिंत बदलायची असेल तर ती तेव्हा बदला, पूर्वेला. आणि फळी नवीन बसवताना भोक दयाळसाठी ५-६ सेंटिमीटरचं ठेवा. चिमणीसाठी ३२ मिलिमीटर पुरतं, पण तेवढ्यातून दयाळ जात नाही, म्हणून चिमणीला हवी तर दुसरी पेटी करा, हीच छोटी करू नका.