कबुतरांनी परडं बळकावलंय, चिमण्यांना दाणा घालायचा कसा? (अनगोळ, बेळगाव)

अनगोळची सून:

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे जागेचा अंदाज येईल.

आमचं घर बैठं, मागं लहानसं परडं. पेरू, कढीपत्ता, शेवगा, दोन जास्वंदी आणि कंपाउंडवरून आत झुकलेला शेजारच्यांचा आंबा. पलीकडं पूर्वी भाताचं शिवार होतं, तिथं आता प्लॉट पडून बंगले उठलेत. सासूबाई तांदूळ निवडले की सुपातली कणी पेरूखाली टाकायच्या. चिमण्या यायच्या, होल्यांची एक जोडी यायची, टिपून जायची. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग मिस्टरांनी हौसेनं प्लॅस्टिकचा फीडर आणला, गच्चीच्या कठड्यावर मातीचं ताट मांडलं आणि रविवार पेठेतून ज्वारी-गहू आणायला सुरुवात केली. आता उजाडायच्या आत कठड्यावर कबुतरांची रांग लागते. ताटात दाणे पडायचा अवकाश, पंख आपटत अशी उतरतात की चिमणीला चोच घालायला जागा उरत नाही. फीडरवर त्यांना नीट बसता येत नाही, तर एक कबुतर त्याला लटकून हलवतं आणि खाली सांडलेलं बाकीची टिपतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघते मी हे. चिमण्या केबलच्या वायरवर बसून राहतात आणि मग निघून जातात.

गच्चीवर सांडगे घालायची सोय राहिली नाही. मामंजींना दमा आहे, त्यांची सकाळची फेरी गच्चीवरच असते. शेजारच्या काकूंनी दोनदा ऐकवून झालंय. मिस्टर म्हणतात सगळंच बंद करू. सासूबाई म्हणतात, दारात आलेल्या पाखराला उपाशी घालवायचं नाही. दोघांचंही खरं, आणि मधल्या मधे मी.

तर लहान पाखरांनाच मिळेल, कबुतरांना नाही, अशी काही सोय करता येते काय? सूर्यपक्ष्यांसाठी साखरपाणी ठेवलेलं चालतं का? आणि आणखी एक. एक दयाळ रोज माझ्या स्कूटरच्या आरशावर येऊन आतल्या दयाळाशी मारामारी करतो. शेपटी उभी करून, छाती काढून, टकाटका चोची मारतो, मग आरशाच्या मागं जाऊन बघतो की हा गेला कुठं! हसू येतं, पण त्याला काही इजा होणार नाही ना?

टिळकवाडीचे काका:

सूनबाई, आधी मामंजींचं बघा, पाखरांचं मागनं. कबुतराची वाळलेली शीट आणि पिसांची बारीक धूळ दमेकऱ्याला वाईट. वर्षानुवर्षं ती श्वासात जात राहिली तर फुप्फुसांना सूज येते आणि काही जणांची फुप्फुसं हळूहळू ताठर होतात. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. गच्ची कोरडी झाडू नका. पाणी मारून भिजवायची, तोंडाला मास्क लावून खरवडायची. ती साफ होईपर्यंत मामंजींची फेरी अंगणात. मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, ते ह्याच आजारांच्या भीतीनं.

कबुतर मुळात कड्याकपारीचं पाखरू. आपले छज्जे, एसीचे डबे त्याला कडेच वाटतात. आयतं खायला मिळालं की बारा महिने अंडी घालतं, एका वेळी दोन. म्हणजे तुम्ही जेवढं घालाल तेवढी ती वाढणार. गच्चीवरचं ताट आजच उचला. पहिले काही दिवस येऊन बसतील, तुमच्याकडं बघतील, मग दुसरं घर शोधतील.

निपाणीकर:

आमच्याकडं हाच ताप होता. काका म्हणतात ते बरोबर, पण सासूबाईंचं मन मोडायचं नसेल तर ही सोय बघा.

वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा पिंजरा करून घेतला, चारी बाजूंनी दीड फूट. जाळीचे चौकोन दीड इंची. आत मधोमध लहान वाटी. चिमणी आणि मनोली (मुनिया) सहज आत-बाहेर करतात, कबुतर, साळुंकी, कावळा बाहेर. वाटी जाळीपासून निदान सहा इंच आत पाहिजे, नाहीतर कबुतर मान घालून खातंय. जाळीची कापलेली टोकं कानशीनं घासून घ्या. वाटीखाली रुंद थाळी ठेवा, कारण जमिनीवर सांडलं की हे पाहुणे परत हजर.

दाणाही बदला. गहू, मका, अख्खी ज्वारी बंद. राळं, नाचणी, बाजरी नाहीतर तांदळाची कणी. तीही सकाळी मूठभर, दुपारपर्यंत संपेल एवढीच.

अनगोळची सून:

दीड इंचातून होले जाणार नाहीत ना मग? सासूबाईंची ती लाडकी जोडी आहे.

निपाणीकर:

नाही जाणार. पण त्यांची काळजी नको ओ. होला रस्त्याकडेला, खळ्यावर, रिकाम्या प्लॉटातल्या गवताखाली दिवसभर टिपत असतोय. त्याचं तुमच्या वाटीवाचून अडत नाही.

सांबऱ्याचा पावणा:

एवढं सगळं कशाला? पाखरं आहेत, खाऊ देत की. आमची आज्जी दहीभाताचा घास ठेवायची, कावळा खायचा, कबुतर खायचं, कुणी आजारी पडलं नाही. आता दाण्याला पण जाळी लावायची वेळ आली म्हणायची.

उचगावची परसबाग:

पावणं, तुमच्या आज्जीच्या वेळी घराला मंगलोरी कौलं होती आणि शेजारी शिवार होतं. घासभर भात ठेवला तर दहा पाखरं यायची आणि उडून जायची. आता बंगल्याला बंगला चिकटलाय. पितृपक्षातल्या घासाला कोण नाही म्हणतंय? रोज किलोभर ज्वारी ओतणं वेगळं. दह्याचंही सांगते, पाखरांना दूध-दुभतं पचत नाही. मीठ घातलेला भात, फरसाण, पाव तर नकोच.

अनगोळच्या वहिनी, मला वाटतं तुम्ही सगळे दाण्यातच अडकलाय. परड्यातली किती पाखरं दाणा खातात, मोजून बघा. चिमणी, मनोली, होला, कबुतर, फार तर पोपट. संपलं. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर (म्हणजे तुमचा सूर्यपक्षी), फुलटोच्या, चष्मेवाला, तांबट, कुटुर्गा, भारद्वाज, ह्यातलं कुणी तुमच्या ज्वारीकडं ढुंकूनही बघत नाही. त्यांना अळ्या, किडे, फळं, फुलातला मध लागतो. चिमणीसुद्धा पिल्लांना दाणा भरवत नाही, अळ्या भरवते. म्हणजे जास्वंदीवर मावा दिसला की औषध फवारायचं, आणि मग चिमण्या का नाहीत म्हणून विचारायचं, असं नाही चालत. (तुम्ही फवारता असं म्हणत नाही, पण बेळगावात घरोघरी पंप दिसतोय म्हणून बोलले.)

तुमच्या परड्यात निम्मं काम आधीच झालंय. शेवगा फुलला की शिंजीर येणारच. कढीपत्त्याला काळी फळं धरतात ती बुलबुलांना फार आवडतात, पानांसाठी सगळे शेंडे खुडू नका, एक बाजू फळांना सोडा. शेजारच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर बघा, तिथं अंगठ्याएवढं मातकट पाखरू टिक-टिक करत फिरताना दिसेल, तो फुलटोच्या. बांडगुळाचं चिकट बी तोच फांदीला पुसतो आणि ते तिथंच रुजतं. आंबेवाल्याला तो शत्रू वाटतो. बांडगूळ वाढलं तर छाटावं लागतंच, पण एखादी जुडी राहू दिली तर झाड मरत नाही.

साखरपाणी नको. आपल्या उन्हात ते दिवसभरात आंबतं, मुंग्या येतात, मध घातला तर बुरशी धरते. शिंजिराला जास्वंद आहे की! जागा असेल तर एक हमेलिया लावा, नारिंगी-लाल नळीसारखी फुलं जवळजवळ वर्षभर. शिंजीर फुलाच्या तोंडातनं चोच न घालता कधी कधी बुडाला भोक पाडून मध चोरतो, तेही बघायला मिळेल.

आणि खरी ओढ दाण्याला नसते, पाण्याला असते. मातीची परात घ्या, पसरट, आतून खरबरीत. दोन बोटं पाणी, मधे एक दगड. पेरूच्या सावलीत ठेवा, पण दाट झुडपाला चिकटून नको, मांजर दबा धरतं. चारी बाजूंनी चार-पाच हात मोकळं असू दे. पाणी रोज बदला आणि परात नारळाच्या शेंडीनं घासा. नुसतं ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतो.

फेब्रुवारी ते मे, ऊन कललं की खिडकीत बसा. बुलबुल परातीत उतरून चांगले न्हातात, सातभाई सगळे मिळून गोंधळ घालतात. नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक येईल. तो परातीत बसतच नाही. फांदीवरनं सूर मारतो, पोट पाण्याला लावतो आणि लांब शेपटी तशीच ओढत परत फांदीवर.

खानापूरकर:

परसबागताईंच्या पाण्याच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आमच्या बाजूला जांबोटी रस्त्यावर उंबर पिकला की राखी धनेश येतो, त्याला कुणी दाणा घालत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे आपला पाऊस. जून लागला की चार महिने वाटीतली कणी कोरडी राहत नाही. कोंब येतात, काळी बुरशी धरते, आणि असा दाणा पाखरांना विषच. पावसाळ्यात पिंजरा रिकामा ठेवा, फारच वाटलं तर पत्र्याखाली चिमूटभर. एरवी वाटी आठवड्याला गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. नोव्हेंबरात सुगीला वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात भात कापणी सुरू झाली की चिमण्या-मनोल्या तिकडं जातात, तेव्हा परडं ओस पडलं तरी घाबरू नका.

दुसरं, चिमण्यांना दाण्याची नाही, घराची अडचण आहे. कौलाखालच्या वाशात, भिंतीच्या भोकात त्या घरटं करायच्या. स्लॅबच्या घरात भोक कुठलं? लाकडी खोकं करा, दाराचं भोक सव्वा इंच, म्हणजे साळुंकी घुसत नाही. भोकाखाली बसायला दांडी लावू नका, तिच्यावर कावळा बसून पिल्लं ओढतो. आठ-दहा फुटांवर, पावसाच्या झडीपासून आणि दुपारच्या उन्हापासून आडोशाला. चिमण्यांना शेजार लागतो, तेव्हा दोन-तीन खोकी थोड्या अंतरानं लावा. खाली कोपऱ्यात कोरडी माती मोकळी ठेवली तर धूळस्नान करतील.

टिळकवाडीचे काका:

दयाळाचं कुणीच सांगितलं नाही. तो नर, निळसर काळा-पांढरा, होय ना? मार्च ते जुलै त्यांचा विणीचा हंगाम. आरशातला दयाळ त्याला आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा नर वाटतो. सहसा इजा होत नाही, पण ताकद फुकट जाते, तेवढ्या वेळात घरच्या पिल्लांना दोन अळ्या मिळाल्या असत्या. स्कूटर लावली की दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवा. घरच्या मोठ्या काचांवर मात्र खरा धोका असतो, काचेत झाड दिसतं आणि पाखरू वेगानं येऊन आदळतं. बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर पांढरे ठिपके काढले तर टळतं. एखादा मोठा स्टिकर लावून काही होत नाही.

अनगोळची सून:

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना धागा वाचून दाखवला. ताट उचललं, फीडर माळ्यावर गेला. मोजे चढवल्यावर दयाळ बराच वेळ स्कूटरवर बसून इकडंतिकडं बघत होता, मग पेरूवर जाऊन गायला लागला. सासूबाईंना पिंजरा पटला, पण वाटी मीच भरणार म्हणाल्या. म्हटलं भरा, मुठीचं माप ठरलेलं. खोकी शेजारच्या गल्लीतल्या सुताराला सांगितलीत.

आता शेवटचं. कंपाउंडच्या कोपऱ्यात एका झाडाची जागा आहे. बुलबुल आणि तांबटासाठी काय लावू? लवकर फळ धरणारं हवं, सासूबाईंना बघायला मिळायला पाहिजे.

उचगावची परसबाग:

सिंगापूर चेरी. दोन वर्षांच्या आत फळ धरते आणि मग जवळजवळ बारमाही. लाल, गोड, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी फळं. दिवसा बुलबुल, तांबट, फुलटोच्या, रात्री वटवाघळं. रोप विकत घ्यायची गरज नाही, पाखरांच्या शिटेतनं गटाराकडेला, कंपाउंडच्या कडेला आपोआप उगवलेली असतात, जूनमध्ये एक वीतभर रोप मातीसकट उचला. उंबर नको, भिंत फोडेल.

फक्त घराला आणि शेजारच्या काकूंच्या गाडीला लागून लावू नका. फांद्या छत्रीसारख्या आडव्या पसरतात आणि पिकलेली फळं खाली पडून चिकट डाग पडतात. भिंतीपासून आठ-दहा फूट आत घ्या, आणि पहिल्या उन्हाळ्यात रोज पाणी घाला.