चर्चा: कॉर्नफ्लोअरचा डबा स्वयंपाकघरातून हद्दपार करावा का?

शहापूर पेठ (धागाकर्ती)
माझं मत आधीच सांगते: करावा. 100 ग्रॅम कॉर्नफ्लोअरमध्ये 90 ग्रॅमच्या वर नुसती कर्बोदकं. प्रथिनं अर्धा ग्रॅमही नाहीत, चोथा जवळपास शून्य. त्यात बाजारात हेच पीठ 'आरारूट' म्हणून उपवासाला विकतात, खव्यात मिसळतात, गोबी मंचुरीला फासतात. रस्सा दाट करायला आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट आहे, तीळ-खोबऱ्याचं वाटण आहे, बेसन आहे. मग हा डबा कशासाठी? ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल विरोध करावा, पण प्रमाणासकट आणि कारणासकट.

घटप्रभेकाठचा
विरोध आहे. पण आधी नावाचा घोळ निस्तरूया, कारण निम्मी भांडणं त्यातनंच होतात. आपल्याकडे पाकिटावर 'कॉर्नफ्लोअर' लिहिलेली पांढरी, बोटांत दाबली की करकरणारी पूड म्हणजे मक्याचा स्टार्च. अमेरिकन पाककृतीत तिलाच 'कॉर्नस्टार्च' म्हणतात, आणि तिथलं 'कॉर्न फ्लोअर' म्हणजे अख्ख्या मक्याचं बारीक पीठ. आपल्या दुकानात 'मक्याचं पीठ' मागा, नाहीतर कन्नडात गोविनजोळाचं हिट्टु मागा, पिवळं पीठच हातात पडतंय. भाकरीला पिवळं, सूपला पांढरं. उलट केलं तर दोन्ही बिघडतात.

पांढरं तयार कसं होतंय तेही बघा. मका थोडा सल्फर डायऑक्साइड घातलेल्या, सुमारे 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. मग भरडून अंकुर काढतात (त्याचं तेल होतंय), चाळून साल काढतात, फिरवणी यंत्रात प्रथिनं वेगळी करतात आणि उरलेला स्टार्च धुऊन सुकवतात. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला हे काम करणारा कारखाना आहे, आपल्याच भागातला मका तिथं जातोय. यात विष कुठलं ओ?

शहापूर पेठ
विष मी म्हटलेलंच नाही. निःसत्त्व म्हणाले. तुम्हीच सांगितलंत की अंकुर, साल, प्रथिनं सगळं काढून घेतात. मग पिवळं पीठच का वापरू नये? अख्खं धान्य आहे.

चिकोडी रोड
भाकरी करा की, उत्तमच. पण पिवळ्या पिठाला आंधळेपणाने शुद्ध ठरवू नका. कणसं पावसात भिजली, दाणे नीट वाळवले नाहीत, तर मक्यावर बुरशी येते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाकरी भाजल्याने पूर्ण जात नाही. म्हणून आपल्याकडे अन्नधान्यात त्याची मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. पांढऱ्या स्टार्चच्या प्रक्रियेत हे विष बहुतेक भिजवणीच्या पाण्यात, सालीत आणि प्रथिनांच्या चोथ्यात जातं, स्टार्चमध्ये फारच थोडं उरतं. या एका बाबतीत पांढरं अधिक सुरक्षित.

पिवळ्यासाठी नियम असा: दाण्यातला ओलावा 14 टक्क्यांच्या खाली असावा. दाताखाली कडक्क वाजला पाहिजे, दबता कामा नये. काळे-हिरवे दाणे वेचून फेका, जनावरांनाही घालू नका, कारण गाईच्या दुधात ते उतरतं. आणि दळण महिन्याभराचंच आणा. अंकुराच्या तेलामुळे ते पीठ खवट होतं.

शहापूर पेठ
हे मान्य. ओल्या मक्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरी कूट आणि वाटण सोडून स्टार्च का, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

अनगोळची वैनी
ते मी देते. कूट घातलं की चव बदलते, बेसनाला कच्चा वास राहतो, तांदळाचं पीठ गढूळपणा आणतं. स्वीट कॉर्न सूप, फळांचा सॉस, इंडो-चायनीज रस्सा यांना चव न बदलता दाटपणा हवा असतो. तिथं कॉर्नफ्लोअरच लागतंय, तेही थोडंच.

प्रमाण: एक कप (240 मिली) पातळ पदार्थाला सपाट एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 8 ग्रॅम. सूप असेल तर अर्धा चमचा पुरे. मैद्याच्या निम्मं लागतंय. पूड दुप्पट थंड पाण्यात कालवायची. गरम रश्शात कोरडी टाकली की गोळ्या होतात: गोळीचं बाहेरचं कवच लगेच शिजतंय आणि आत कोरडी पूड कोंडून राहते, मग कितीही घोटा. पुडीचं हे कालवण दोन मिनिटं ठेवलं तरी तळाशी बसतंय, म्हणून ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळायचं.

स्टार्चचे कण 62 ते 72 अंशांच्या दरम्यान फुगायला लागतात, पण पुरता दाटपणा उकळी फुटल्यावरच येतोय. बरेच जण इथंच चुकतात. कोमट असताना पातळ दिसतंय म्हणून आणखी दोन चमचे घालतात आणि उकळल्यावर त्याची खळ होते. उकळी आली की मंद आचेवर एक-दोन मिनिटं, बस्स. त्यापुढं जोरात ढवळत राहिलात तर फुगलेले कण फुटून रस्सा परत पातळ होतोय. लिंबू किंवा व्हिनेगर गॅस बंद केल्यावर घाला, आंबट घालून उकळत ठेवलं तर स्टार्चच तुटतोय. आणि असा रस्सा फ्रीजरमध्ये ठेवू नका, वितळताना पाणी सुटून स्पंजासारखा होतोय.

निपाणी नाका
वैनी, सगळं बरोबर, एक जोड. चमचा तोंडात घालून तोच पातेल्यात बुडवू नका. लाळेतला अमायलेज हा पाचक घटक स्टार्च तोडतो. दुसऱ्या दिवशी कस्टर्ड पाण्यासारखं झालं तर दुधाला दोष देऊ नये. (कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास.)

मात्र मधुमेहींच्या बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. शिजलेला स्टार्च फार लवकर साखर होतो. वाटीभर सूपमधला अर्धा चमचा म्हणजे 4 ग्रॅम, त्याने काही बिघडत नाही. पण मंचुरीची प्लेट, त्यावर दाट रस्सा आणि सोबत फ्राइड राइस, ही बेरीज मोठी होते. 'मैदा नाही, म्हणजे चालतंय' हे साफ चुकीचं. गव्हाचं ग्लुटेन सोसत नाही अशांना कॉर्नफ्लोअर चालतं, कारण मक्यात ते ग्लुटेन नसतं. फक्त पाकीट गहू हाताळणाऱ्या जागी भरलेलं नाही ना, ते वाचून घ्या. ही गोष्ट वेगळी, साखरेची वेगळी.

टिळकवाडी
मंचुरीचा विषय निघालाय तर स्पष्ट बोलू. गोव्यातल्या म्हापशाच्या नगरपालिकेने 2024 मध्ये गोबी मंचुरीवर बंदी घातली, आणि मार्चमध्ये कर्नाटक सरकारने तीत कृत्रिम रंग घालायला मनाई केली. त्याआधी तपासलेल्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये असुरक्षित रंग सापडले: टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन. दोष रंगाचा होता, कॉर्नफ्लोअरचा नव्हता. तेलाचाही असतो. तळणीच्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला कायद्याने बंदी आहे.

घरी करायची तर अर्धा किलो फ्लॉवरला पाच मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, पाच मैदा, आलं-लसूण, मीठ आणि ब्याडगी मिरचीची दोन चमचे पूड. रंग ब्याडगीच देते, बाटलीतला थेंबही लागत नाही. तुरे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून काढा आणि फडक्यावर पुरते कोरडे करा. ओले राहिले की आवरण कढईत सुटतं. नुसता मैदा चिवट होतो, नुसतं कॉर्नफ्लोअर पांढरं आणि टणक. दोनदा तळा, दुसऱ्यांदा तेल जास्त तापवून.

खानापूरकर
उपवासाचं कोण बोलणार? धागाकर्तीचा खरा राग तिथं आहे आणि तो रास्त आहे. मका धान्य आहे, आरारूट कंद. एकादशीला आरारूट मागणाऱ्याला मक्याचा स्टार्च देणं ही फसवणूक आहे, आरोग्याला धोका नसला तरी.

ओळखायचं कसं? आयोडीनने नाही, दोन्ही निळे होतात. एक चमचा पूड कपभर पाण्यात शिजवा. आरारूट काचेसारखं पारदर्शक होतं, कॉर्नफ्लोअर दुधाळ राहतं. दुधात शिजवलं तर आरारूट बुळबुळीत होतं. मात्र बटाट्याचा किंवा साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्चही बराच पारदर्शक दिसतो, म्हणून ही परीक्षा फक्त मका पकडते.

शहापूर पेठ
आणि आपल्या बेळगावी कुंद्याचं, त्या खव्याच्या मिठाईचं काय? खव्यात स्टार्च घालून वजन वाढवतात, त्याचं समर्थन कुणी करणार आहे का?

घटप्रभेकाठचा
नाही. खव्यात स्टार्च म्हणजे भेसळ, तिथं मी तुमच्याच बाजूला. तपासणी घरी होते. चिमूटभर खवा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब. निळं झालं की स्टार्च आहे. गरम असताना थेंब टाकले तर निळा रंग दिसतच नाही आणि भेसळीचा खवा पास होतोय. तपासलेला नमुना टाकून द्या, खायचा नाही.

पण तयार कुंद्यावर ही परीक्षा लावून दुकानदाराशी भांडू नका. काही जण कुंद्यात रवा घालतात, तोही निळा होतोय. आधी विचारा, रवा आहे का.

अनगोळची वैनी
मांड्यांचंही (सारण भरलेल्या पातळ गोड पोळ्यांचं) लिहिते, याकडे लक्षच जात नाही. मांड्यांच्या सारणाला पिठीसाखर लागते. वेळ वाचवायला बाजारची आयसिंग शुगर आणली की तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला थोडा कॉर्नस्टार्च असतो. मांडे उपड्या कढईवर क्षणभरच भाजतात आणि सारण कोरडं, म्हणजे स्टार्च शिजायला पाणीच नाही. तो कच्चाच राहतोय आणि जिभेला खडूसारखा लागतोय. साखर घरीच दळून वस्त्रगाळ करा.

निपाणी नाका
कच्च्यावरून आठवलं. गरोदरपणात कच्चं पीठ, खडू, माती खावीशी वाटणं हे बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं. डबा लपवण्यापेक्षा रक्त तपासून घ्या. उलट ग्लायकोजन (शरीरात साठवून ठेवलेली साखर) साठवणीचा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे, त्यात रात्री साखर उतरू नये म्हणून डॉक्टर मोजून कच्चा कॉर्नस्टार्चच देतात, कारण तो हळूहळू पचतो. तिथं शिजवलेला चालत नाही.

टिळकवाडी
बाळाच्या पावडरीबद्दल मात्र मी विरोधात आहे. जॉन्सन अँड जॉन्सनने 2023 मध्ये जगभर टाल्कची (एका मऊ खनिजाच्या पुडीची) बेबी पावडर बंद करून कॉर्नस्टार्चची ठेवली, म्हणून ती निर्धोक असा समज पसरलाय. टाल्कपेक्षा बरी, हे खरं. पण बारीक पूड बाळाच्या श्वासात गेली की फुप्फुसांना त्रास होतो, मग ती कशाचीही असो. मानेच्या वळ्यांत घामाने तिचे गोळे होऊन कातडी घासते ती वेगळीच. वळ्या टिपून कोरड्या ठेवणं पुरेसं आहे, पावडरीची गरजच नाही.

खानापूरकर
गरजच नाही हे टोकाचं वाटतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, हवेतच पाणी असतं. चिमूटभर पूड बाळापासून लांब, स्वतःच्या तळहातावर घेऊन मग हलकेच लावली तर काय बिघडतं? डबा बाळावर उपडा करणं चूक, एवढंच. लाल चट्टे उठले की मात्र बंद करून डॉक्टर.

चिकोडी रोड
खाण्यापेक्षा मोठा धोका अजून कुणी लिहिलाच नाही: आग. रंगपंचमीचे 'नैसर्गिक' रंग आणि बराचसा गुलाल स्टार्चवरच बनतो. ढीग पेटत नाही, पण हवेत उडालेला ढग पेटतो, कारण प्रत्येक कणाभोवती हवा असते आणि आग एका कणावरून दुसऱ्यावर क्षणात जाते. तैवानमध्ये 27 जून 2015 ला रंगीत कॉर्नस्टार्च उधळण्याच्या कार्यक्रमात भडका उडून 15 जण दगावले, सुमारे 500 भाजले. आपल्या शेजारी, चंदगड मतदारसंघातल्या महागावला, नोव्हेंबर 2024 च्या विजयी मिरवणुकीत ओवाळणीच्या ताटांवर गुलाल पडून भडका उडाला आणि बायका भाजल्या.

म्हणून मंडळांना कळकळीने सांगतो: आरती आधी पूर्ण करा, निरांजनं विझवा, मगच गुलाल. जेसीबीतून किंवा फुंकणी यंत्राने उडवणं बंदच करा. कपाळाला लावा. घरातही कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पीठ टाकू नका, झाकण घाला आणि गॅस बंद करा.

शहापूर पेठ
गुलालाचं मंडळाच्या बैठकीत मांडते, छापून लावायलाही सांगते. डब्याबद्दल माझं मत थोडं सरकलंय: सूपपुरती 100 ग्रॅमची पुडी, हवाबंद बरणीत. रोजच्या रश्शाला मात्र कूटच. आणि सुती साड्यांना खळ करायला लिटरभर पाण्याला किती घ्यायचं तेवढं सांगा.

अनगोळची वैनी
मध्यम कडकपणाला लिटरला दोन मोठे चमचे. थंड पाण्यात कालवून, उकळत्या पाण्यात शिजवून, गाळून, कोमट झाल्यावर साडी बुडवायची. गडद रंगाच्या साडीला एकच चमचा, नाहीतर पांढरे डाग दिसतात. आणि वर्षभर कपाटात ठेवायची साडी खळ घालून ठेवू नका, कसर आणि झुरळं त्या स्टार्चवरच येतात. उरलेली खळ मोरीत ओतताना भरपूर पाणी सोडा. न शिजवलेलं घट्ट कालवण तर मोरीत ओतूच नका, पाइपात बसून दगड होतंय.