एल्कच्या शिकारीसाठी पहिली सॅक, बजेट २५० डॉलर. काय घेऊ?

फोर्टकॉलिन्सकर

नमस्कार मंडळी. यंदा हंटर एज्युकेशनचा कोर्स उरकला आणि कोलोराडोच्या दुसऱ्या रायफल सीझनचं, म्हणजे ऑक्टोबर अखेरचं, एल्कचं (सांबरासारखं इकडचं मोठं जनावर) लायसन्स घेतलं. ऑफिसमधला एक मित्र सोबत आहे. तो लहानपणापासून शिकार करतो, पण सॅकचं विचारलं की सरळ सातशे डॉलरचं मॉडेल दाखवतो आणि वर म्हणतो, "एकदाच घे." रायफल, बूट, दुर्बीण यातच खिसा रिकामा झालाय. सॅकसाठी फार तर अडीचशे निघतील.

माझ्याकडे पुण्याहून आणलेली ६० लिटरची ट्रेकिंगची सॅक आहे. नळीची वाट, नाणेघाट, रतनगड सगळं तिच्यावरच केलं आणि अजून एक शिवण उसवलेली नाही. माझी उंची पाच फूट चार इंच, वजन ६२ किलो. बेत असा: कॅमेरॉन पीकच्या २०२० च्या वणव्यात जळालेल्या भागाच्या कडेला, रस्त्यापासून सहाएक किलोमीटर आत, दोन रात्री मुक्काम. हीच सॅक चालेल का? नसेल तर किती लिटरची घेऊ? आणि बाहेरच्या फ्रेमची (सांगाडा पिशवीबाहेर दिसतो ती) की आतल्या (सांगाडा पिशवीच्या आत असतो ती)?

घाटवाटा

इकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा विषय गोष्टींपुरताच उरला, त्यामुळे त्या बाजूचं मला काही कळत नाही आणि खरं सांगायचं तर फार रुचतही नाही. पण सॅकचं म्हणाल तर ७० च्या खाली जाऊ नका. थंडीचे कपडे फार जागा खातात.

बिटररूटची सातारकरीण

लिटरचा हिशेब आधी बाजूला ठेवा. दादा, तुम्ही जातानाचा विचार करताय. जाताना पाठीवर असतं काय? तंबू, स्लीपिंग बॅग, खाणंपिणं, जाडे कपडे. पंधरा-सोळा किलो झालं. त्याला तुमची पुण्याची सॅक पुरून उरेल. सॅक घ्यायची ती परतीसाठी.

मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ८० ते १०० किलो भरतं. हाडासकट मागची एक मांडी २५-३० किलो. आणि यातलं काही टाकून यायची सोय नाही: चारही पाय, पाठीच्या दोन्ही लांब पट्ट्या आणि आतली नरम पट्टी खाण्यासाठी आणलीच पाहिजे, तुमच्या राज्याचा नियमच आहे तो. आता तुमचे सहा किलोमीटर घ्या. एकट्यानं आणायचं तर चार खेपा. भरल्या पाठीनं २४ किलोमीटर, पुन्हा आणायला जाताना रिकाम्या पाठीनं १८, एकूण ४२. नऊ-दहा हजार फुटांवर, आडव्या पडलेल्या ओंडक्यांतून. मित्र आहे म्हणून निम्मं धरा, तरी तंबूचं सामान राहिलंच. माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी रस्त्यापासून तीन किलोमीटरच्या पलीकडे जाऊन गोळी झाडू नका. सॅक कुठलीही असो, या निर्णयाला पैसे पडत नाहीत.

ट्रेकिंगच्या सॅकचं दुखणं असं की तिच्या आतली पट्टी नाहीतर प्लास्टिकचा पत्रा पंधरा-अठरा किलोसाठी बनवलेला असतो. तीस किलो टाकलं की तो वाकतो, कमरेचा बेल्ट घसरतो आणि सगळा भार खांद्यावर येतो. शिवाय हाडं काढलेलं मांस पिशवीत ओल्या कणकेसारखं तळाशी बसतं. मग भार मागं खेचतो आणि तुम्ही पुढं वाकून चालता. म्हणून शिकारीच्या सॅकमध्ये फ्रेम आणि पिशवी यांच्या मधे एक कप्पा असतो, किंवा फ्रेमलाच खाली फळीसारखा आधार. मांस त्यात, पाठीला चिकटून, शक्यतो खांद्याच्या फऱ्यांच्या पातळीला. बाकीचं सामान त्याच्या मागं. पट्ट्या आवळून मांसाचा गठ्ठा जागेवर धरायचा. हा कप्पा आणि न वाकणारी फ्रेम, पैसे यांचेच. बाकी बाटलीचे खिसे, झिपा, कॅमो कापड ही दुकानातली हौस.

अडीचशेत काय येतं? आल्प्स आउटडोअर्झची कमांडर बघा. अॅल्युमिनियमची बाहेरची फ्रेम, पिशवी काढून ठेवता येते, खाली दुमडणारी फळी, सेलमध्ये तुमच्या बजेटात बसते. दिसायला जुनाट आणि बोजड आहे, मान्य. पण भार उचलते. दुसरी वाट जुन्या मालाची. केल्टी कंपनीच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या फ्रेम गराज सेलमध्ये अजून निघतात. माझी पहिली फ्रेम तशीच, इकडे मोंटानात हॅमिल्टनमधल्या एका म्हाताऱ्या आजोबांकडून घेतलेली. खांद्याचे पट्टे कुजलेले होते, ते आणि बेल्ट नवा लावला. घेताना वेल्डचे सांधे अंगठ्यानं चाचपून बघा, केसाएवढी भेग असली तरी सोडून द्या. पट्टा जिथं फ्रेमला अडकतो तिथल्या पिना चालताना कुईकुई करतात. एल्कला ते शंभर पावलांवरून ऐकू जातं. पिन काढून तिला मेणबत्ती घासली की गप्प. लष्कराच्या जुन्या मालातली मॉली सॅकही स्वस्त मिळते, तिची फ्रेम प्लास्टिकची असते. हरणापर्यंत ठीक, एल्कच्या मांडीला मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही.

आता तुमच्या उंचीचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानदार हे विचारतच नाहीत. मान खाली घाला, मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथून मोजायला सुरुवात. दोन्ही हात कमरेच्या हाडावर, अंगठे मागं. अंगठ्यांना जोडणारी रेघ जिथं मणक्याला लागते तिथवर टेप. मोजायला घरच्या कुणाला तरी सांगा. तुमचं बहुधा १६-१७ इंच येईल. बेल्ट पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, आणि फ्रेमचं वरचं टोक खांद्याच्या थोडं वर, म्हणजे वरच्या छोट्या पट्ट्या भार मागं न पडू देता पुढं ओढतील. फ्रेम फार उंच घेतलीत तर जळक्या रानात वर मान काढलेली नळी प्रत्येक फांदीला अडकते.

घरी आणल्यावर लेबल काढू नका. इंडियन ग्रोसरीतून २० पौंडी बासमतीच्या तीन पिशव्या आणा, म्हणजे २७ किलो झाले. त्या बांधून जिने चढा-उतरा, तासभर. खांदे बधिर झाले तर परत करा. भात काय, घरी लागतोच.

ग्रँड जंक्शन

ताईंचं बहुतेक पटलं, पण बाहेरच्या फ्रेमचं नाही. मी दोन्ही वापरल्यात. पडलेल्या झाडांतून वाकून, सरपटून जावं लागतं तेव्हा ती फ्रेम शत्रू वाटते. थोडं थांबून वापरलेली चांगली आतल्या फ्रेमची सॅक शोधा. दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल आलं की लोक जुनी विकतात. तिनशे-साडेतिनशेत मिळाली तर उडी मारा. नाहीतर जवळच शिकार करणार असाल तर मांस ओढायची दोन चाकी गाडी घ्या ना, शंभरभर डॉलरला येते.

बिटररूटची सातारकरीण

गाडीचं जपून. वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागात चाकं चालत नाहीत, १९६४ च्या कायद्यानं बंदी आहे, मग ती सायकल असो की मांसाची गाडी. बाकी नॅशनल फॉरेस्टमध्ये वाट बरी असेल तर खुशाल न्या, पण जळक्या रानात ती गाडीच तुम्हाला उचलून न्यावी लागेल.

फ्रेम अडकते हे खरंय. म्हणून मी ती पाठीवर घेऊन शिकारच करत नाही. फ्रेम ट्रकमध्ये राहते, अंगावर छोटी दिवसाची सॅक. मांसाच्या पिशव्या, सुरी, दोर तेवढं तिच्यात. पहिल्या खेपेला पाठीच्या पट्ट्या आणि आतलं नरम मांस त्या छोट्या सॅकमधून, दुसऱ्या खेपेपासून फ्रेम.

ग्रँड जंक्शन

मग पहिली खेप दहा किलोची झाली. पाय तेवढेच दुखतात. मी तर पहिल्याच खेपेला मांडी घेतो.

बिटररूटची सातारकरीण

तुम्ही घ्या हो. तुमची छाती ६२ किलोवाल्याची नाही.

फोर्टकॉलिन्सकर

सगळ्यांचे आभार. टेप लावून बघितलं, १६.५ इंच. बायकोनं मोजलं आणि हसली. कमांडर मागवली. बासमती भरून हॉर्सटूथच्या डोंगरावर जाऊन आलो. चढताना काही वाटलं नाही, उतरताना मात्र गुडघे आणि डाव्या कमरेची बाजू बोलायला लागली. बेल्ट थोडा वर घेतल्यावर कमर शांत झाली. आतमध्ये तीन किलोमीटर हेच ठरलं, मित्रानंही मान डोलावली.

दोन शंका राहिल्या. मांडी हाडासकट आणू की जागेवरच हाड काढू? आणि शिकाऱ्यानं नारंगी घालायचा नियम आहे म्हणून नारंगी जॅकेट घेतलंय, पण सॅक चढवल्यावर पाठ झाकली जाते. सॅकवर नारंगी कव्हर घातलं तर नियमात बसतं का?

बिटररूटची सातारकरीण

उतरताना काठ्या घ्या, दोन. एक पुरत नाही. काठीनं गुडघा वाचतो, आणि भरल्या पाठीनं पडलात तर उठताना तिचाच टेकू.

हाडाचं: हाडासकट मांडी ताठ राहते, फ्रेमला बांधायला सोपी, हलत नाही. पण दोन-चार किलो जास्त. तीन किलोमीटरला मी हाड ठेवीन, सहाला काढीन. दोन्हीत कातडं लगेच उतरवा आणि सुती पिशवीत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगा. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत मांस भरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. सॅकला रक्त लागू नये म्हणून चालताना तेवढ्यापुरती वापरली तर हरकत नाही. उरलेलं मांस आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक पावलं लांब न्या, अस्वल आधी ढिगाकडं येतं. आणि नर की मादी याची खूण एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहू द्या, हाड काढलंत तरी. वाटेत तपासणी झाली तर तेच बघतात.

नारंगी: ५०० चौरस इंच, कमरेच्या वर, अंगावरच्या कपड्याचं, आणि त्यात डोक्यावरची टोपी चारी बाजूंनी दिसेल अशी. सॅकचं कव्हर हा कपडा नाही, त्यामुळे ते त्यात मोजू नका. पण घाला जरूर, पाठीमागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं. कॅमो छापाचं नारंगी नको, सलग रंगाचं, गुलाबीही चालतं. शिंगं आणणार असाल तर त्यांना नारंगी टेप गुंडाळूनच सॅकवर बांधा. हार्डवेअरच्या दुकानात सर्व्हेवाल्यांची मिळते, दोन-तीन डॉलरला रीळ.